आजन्म अविवाहित

"आजन्म अविवाहित राहून त्यांनी स्वतःला वनस्पतिशास्त्राला वाहून घेतले." हे वाक्य माझ्यासमोर एकमताने मंजूर झालं, आणि त्या एकमतात माझंही मत होतं, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की पद्मा कारखानीस दुसऱ्यांवर ढकलते.

मी इथे गुजरातेत आमच्या कॉलेजच्या हर्बेरियममध्ये सदतीस वर्षं काढली. झाडांच्या फांद्या दाबून वाळवायच्या, जाड कागदावर चिकटवायच्या, कोपऱ्यात लेबल लावायचं आणि ते शीट कपाटात ठेवायचं, असा तिथला उद्योग. लेबलावर झाडाचं नाव, ते सापडलं ती जागा, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव. लोकांना वाटतं तिथे फुलांचा वास येत असेल. डांबराच्या गोळ्यांचा येतो. मी निवृत्त झाले आणि पाच वर्षांनी सगळ्या शीटांचे फोटो काढून वेबसाइटवर टाकायचं काम निघालं. कुठल्या कपाटात काय आहे हे एकालाही सांगता येईना, तेव्हा देवेशने मला परत बोलावलं. देवेश दिघे सध्या विभागप्रमुख आहे. एम.एस्सी.ला असताना त्याने एरंडाच्या शीटवर भेंडीचं लेबल लावलं होतं. बैठकीत मी त्याला सर म्हणते, बाहेर देवेश.

हे हर्बेरियम ज्यांनी उभं केलं त्या डॉ. उदयसिंहराव घाटग्यांचं हे जन्मशताब्दी वर्ष. सर जाऊन चौदा वर्षं झाली. तर त्यांची स्मरणिका काढायची, एक समारंभ करायचा, कपाटाच्या खोलीला त्यांचं नाव द्यायचं, असं ठरलं आणि समिती नेमली गेली. समितीत सरांना जिवंत पाहिलेली मी एकटीच होते. बाकीच्यांनी फक्त त्यांची तसबीर पाहिली होती, तीही जिन्यात अंधारात लावलेली.

समितीत अबोलीही होती. अबोली पीएच.डी. करते, पण झाडांवर नाही, झाडं शोधणाऱ्या माणसांवर. पहिल्याच दिवशी तिने मला विषय समजावून सांगितला. "पद्माताई, पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष, बायकांवर प्रेम करणाऱ्या बायका विज्ञानात पहिल्यापासून होत्याच ना? पण चरित्रं वाचा. एकजात सगळे आपले कामात बुडालेले." ती स्वतः फतेगंजला आभा नावाच्या मुलीबरोबर राहते. मैत्रीण का गं, म्हणून विचारलं तर सरळ म्हणाली, "जोडीदार." मी म्हटलं, बरं, मग स्वयंपाक कोण करतं? म्हणाली, दोघींनाही येत नाही. हे ऐकून मात्र मला खरोखर काळजी वाटली.

तर या अबोलीने दुसऱ्या बैठकीत विचारलं, "सुभानराव माने कोण?"

देवेश पंख्याचा वेग वाढवायला उठला. सुभानराव कोण हे आमच्या शहरात रावपुऱ्यापासून मांडवीपर्यंत पन्नाशीच्या पुढच्या कुठल्याही मराठी माणसाला विचारा. माहीत असतं, आणि तो विषय बदलतो. बासष्ट साली सुभानराव चित्रकला शिकून बाहेर पडले, वय चोवीस. सरांना झाडांची चित्रं काढणारा माणूस हवा होता, सरांचं वय सदतीस. सुभानराव चित्रं काढायला नागरवाड्यात सरांच्या घरी गेले ते राहिलेच. पावागड, जांबुघोडा, डांग, सरांची प्रत्येक फेरी दोघांची. चित्रंही सगळी त्यांचीच. एका ताटात जेवत नसत एवढंच, कारण सरांना कारलं लागायचं आणि यांना त्याचा वासही चालायचा नाही.

"स्नेही लिहू या," देवेश म्हणाला.

"एकोणपन्नास वर्षं एका घरात राहिले ते, सर," अबोली म्हणाली.

"मग निकटचे स्नेही."

मग सहकारी झालं, सहवासी झालं, कुटुंबमित्र झालं. कुटुंबच नाही तर कुटुंबमित्र कुणाचे, असं मी विचारलं, ते इतिवृत्तात आलं नाही. एक गुजराती प्राध्यापक म्हणाले, "जवा दो ने, बेन, मोटा माणस हता." थोर माणूस होता, सोडून द्या. देवेशने शेवटी तो जपून ठेवलेला शब्द काढला. "हे बघा, इतिहासात पुरावा लागतो. पुरावा आहे का कुणाकडे?"

अबोली म्हणाली, "सुभानराव नागरवाड्यातच राहतात अजून. त्यांनाच विचारू या की."

"सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत! त्या वयात असलं काही विचारून धक्का द्यायचा का?" देवेशला खरंच वाईट वाटलं होतं. वाईट माणूस नाही तो, भित्रा आहे. सव्वादोन तासांनी "आजन्म अविवाहित" मंजूर झालं आणि सुभानराव एकतिसाव्या पानावर "चित्रे : श्री. सुभानराव माने, सहायक" म्हणून गेले. मीही हात वर केला. का केला ते आता सांगते, कारण तिथेच सगळं घोडं पेंड खात होतं.

स्मरणिकेच्या पाचशे प्रती छापून आल्या त्याच आठवड्यात अबोली कळलावीचं एक शीट घेऊन माझ्या टेबलाशी आली. पावागड, ऑगस्ट १९६४. टाइप केलेल्या लेबलाचा कोपरा किड्यांनी खाऊन वर उचलला गेला होता.

"पद्माताई, याच्याखाली दुसरं लेबल आहे. हाताने लिहिलेलं."

"असतं," मी म्हटलं आणि चहाला निघून गेले.

त्र्याऐंशी साली मी नुकतीच लागले होते. तेवीस वर्षांची, आणि टायपिंग सोडून काही येत नव्हतं. त्या वर्षी संस्थेकडे एक निनावी पत्र आलं. प्राध्यापक घाटग्यांच्या घरी एक परका पुरुष राहतो, विद्यार्थ्यांवर काय परिणाम होईल, वगैरे. मग चौकशीला तिघेजण येणार असं ठरलं. त्याच सोमवारी सरांनी मला बोलावलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "जुनी लेबलं खराब झालीत. सगळी नव्याने टाइप करा. गोळा करणाऱ्याचं नाव एकच. जुनी काढून जाळून टाका."

जुनी लेबलं खराब झालेली नव्हती. सरांच्या सुरेख अक्षरात प्रत्येकावर दोन नावं होती. मी विचारलं नाही. त्या काळी तेवीस वर्षांची मुलगी प्रोफेसरांना का म्हणून विचारत नसे, आणि खरं सांगायचं तर मला कळलं होतं. एक हजार एकशे बासष्ट लेबलं मी पाच महिन्यांत टाइप केली. प्रत्येक वेळी "सुभान" गाळताना टंकलेखन यंत्रावरचं माझं बोट सवयीने स वर जायचं आणि मी ते उचलायचे.

जुनी लेबलं मी काढली मात्र नाहीत. कुठलाही थोर विचार नव्हता त्यामागे. जुनं लेबल सोलताना शीट फाटतं आणि शीट फाटलं की सगळं झाड पुन्हा चढवावं लागतं. मला कंटाळा आला. नवं लेबल थोडं मोठं कापलं आणि मैद्याच्या खळीने जुन्यावरच चिकटवून टाकलं. हर्बेरियमच्या शिस्तीत याच्याहून मोठा गुन्हा नाही, कारण एकदा लावलेलं लेबल झाकायचं नसतं, कुणाचंही. महिन्याभराने सर आले. एक शीट हातात घेतलं, लेबलावरून अंगठा फिरवला. दोन कागदांची जाडी अंगठ्याला लागतेच. माझी पाचावर धारण बसली. सर एवढंच म्हणाले, "ठीक आहे," आणि गेले. चौकशीवाले आले, कपाटं पाहिली, चहा-पोहे घेऊन गेले. सर दोन वर्षांनी मानाने निवृत्त झाले.

हे मी बेचाळीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

आता तुम्ही म्हणाल, खाली दोन नावं आहेत ना, मग झालं की, हाच पुरावा. मला कळत नव्हतं का? पण तो पुरावा बाहेर काढायचा तर तो कुणी झाकायला लावला हेही बाहेर येणार, आणि ते ऐकायला सुभानराव जिवंत होते. ज्या माणसाबरोबर जन्म काढला त्यानेच आपलं नाव पुसायला सांगितलं, हे सत्त्याऐंशीव्या वर्षी कुणी का ऐकावं? म्हणून मी हात वर केला होता. देवेशला भित्रा म्हणते खरी.

समारंभाचं निमंत्रण द्यायला मलाच पाठवलं गेलं. नागरवाड्यात सरांच्या घराच्या जागी आता पाच मजली इमारत आहे, सुभानराव तिसऱ्या मजल्यावर. दार त्यांनीच उघडलं. कडक इस्त्रीचा बुशशर्ट, दाढी केलेली.

"ये पद्मा. बस. मजामां? मजेत ना?" त्यांनी लिलो चिवडो, म्हणजे इथला तो ओलसर बटाट्याचा चिवडा, बशीत काढून पुढे ठेवला. मग स्मरणिका हातात घेतली आणि भिंग लावून पहिल्या पानापासून वाचायला बसले. मी चिवडा खात राहिले. दुसरं काय करणार?

"आजन्म अविवाहित," त्यांनी मोठ्यांदा वाचलं. पान उलटलं. आणखी बरीच पानं उलटली. "सहायक. बरं."

"सुभानराव, ते समितीने..."

"असू दे गं. स्मरणिका काय, दिवाळीला रद्दीत जाते. शीटांवर आहे माझं नाव." भिंग खाली ठेवून ते हसले. "माझी आई गेली तेव्हा भावांनी मला खांदा देऊ दिला नाही. घरी आलो तर उदय म्हणाला, सुभान, दोनशे वर्षांनी कुणी ते कपाट उघडेल ना, त्याला दिसेल की हे दोघे पावागडला गेले होते. आपली नोंद तिथे आहे. बाकीच्यांनी कुठेही न केली तरी चालेल. तेव्हापासून मी कुठल्या कागदासाठी भांडलो नाही. रेशनकार्डासाठीही नाही."

मी बशी खाली ठेवली. आता गप्प बसणं म्हणजे त्र्याऐंशी साली केलं तेच पुन्हा करणं होतं, फक्त या वेळी तसं करायला सांगणारं कुणी नव्हतं. मी सांगितलं. पत्र, चौकशी, सोमवार, "नाव एकच", "जाळून टाका". सगळं सरळ सांगितलं, रडले वगैरे नाही. मी लेबलं काढली नाहीत आणि सरांना ते कळलं होतं, हेही सांगितलं. वाटलं, तेवढाच आधार.

सुभानराव बशीतले शेंगदाणे बाजूला काढू लागले.

"सांगितलं नाही मला," ते म्हणाले. "त्यानंतर अठ्ठावीस वर्षं जगला. रोज रात्री मी त्याच्या पायाला तेल लावायचो. सांगितलं नाही."

"घाबरले होते हो. नोकरी गेली असती. तुरुंगातही टाकलं असतं त्या काळी."

"मला माहीत नाही त्या काळी काय होतं ते? मी काय परदेशात होतो?" त्यांचा आवाज चढला. "मला विचारलं असतं तर मीच म्हणालो असतो, काढ बाबा माझं नाव. हसत म्हणालो असतो. विचारलं नाही! जाळायलाही धजला नाही आणि ठेवायलाही. भित्रा मेला!"

मग ते उठले आणि त्यांनी दार उघडलं. मी निघाले. निमंत्रण टेबलावर तसंच राहिलं. रिक्षात बसल्यावर मला स्वतःचा इतका संताप आला की रिक्षावाल्याने "क्यां जवुं छे, बेन?" म्हणून दोनदा विचारलं तरी पत्ता आठवेना.

चार दिवसांनी सकाळी अकराला सुभानराव हर्बेरियमच्या दारात उभे. काठी नाही, टोपी आहे.

"दाखव," ते म्हणाले.

अबोली तिथेच होती. मी तिला सगळं सांगितलं होतं. ती ऐकून माझ्यावर चिडेल वाटलं होतं, तर तिने उठून मला मिठी मारली होती, जी मला मुळीच आवडत नाही. तिने कळलावीचं शीट आणून टेबलावर ठेवलं. मी कापसाचा बोळा कोमट पाण्यात बुडवून लेबलावर दाबून धरला. मैद्याची खळ पाणी लागलं की सुटते. दहा मिनिटांनी चपट्या सुरीने कडेपासून उचललं आणि माझं टाइप केलेलं लेबल अलगद निघून आलं.

खाली पक्क्या निळ्या शाईत होतं : कळलावी, पावागड, पायऱ्यांच्या डावीकडे. ९ ऑगस्ट १९६४. गोळा करणारे : सुभान माने, उदयसिंह घाटगे.

"माझं नाव आधी," सुभानराव म्हणाले. त्यांनी खिशातून रुमाल काढला, डोळे पुसले, मग चष्मा पुसला. "वेल मी पाहिली होती म्हणून. हा पुढे निघून गेला होता, नेहमीसारखा." अबोली तर हुंदके देत होती. मी तिला खूण केली, शीटवर पाणी पडेल.

"आता हे तुझं लेबल फेकून दे," ते मला म्हणाले.

"फेकता येत नाही."

"का?"

मग मी त्यांना नियम सांगितला. हर्बेरियममध्ये चूक पुसत नाहीत. समजा, शंभर वर्षांपूर्वी कुणी झाडाचं नाव चुकीचं लिहिलं आणि आज तुम्हाला बरोबर नाव कळलं, तर जुनं लेबल तसंच ठेवायचं आणि शेजारी एक लहान चिठ्ठी लावायची. पूर्वीची नोंद काय, दुरुस्त नोंद काय, आधार काय, कुणी तपासलं, कधी. ज्याने नमुना प्रत्यक्ष पाहिला त्यानेच सही करायची. पुढे आणखी कुणाला वेगळं दिसलं तर तो त्याची चिठ्ठी शेजारी लावतो. एकेका शीटवर पाच-पाच चिठ्ठ्या असतात, आणि कुणाचीच काढत नाहीत.

"म्हणजे त्याचा भित्रेपणाही इथेच राहणार?"

"आणि माझाही," मी म्हटलं. "दोन्ही लेबलं शेजारी शेजारी लागतील."

त्यांनी विचार केला. "चिठ्ठी दे," म्हणाले. मग थांबले. "एक नको. दोन दे. एक या शीटला. दुसरी तुमच्या त्या पुस्तकाला."

अबोलीने नाक पुसून वही काढली. तिच्या मनात पहिल्या दिवसापासून होता तो प्रश्न तिने विचारलाच. "आजोबा, कुठला शब्द लिहायचा? म्हणजे तुम्हाला जो चालेल तो. नको असेल तर..."

"शब्द मला माहीत आहेत. मी रोज पेपर वाचतो. हा गुन्हा नाही असा कोर्टाचा निकाल आला त्या दिवशी पेढेही आणले होते. उदय नव्हता, म्हणून दोनच मागितले, तर दुकानदाराने पाव किलो घ्यायला लावले आणि मी एकट्याने खाल्ले. गे लिही, समलिंगी लिही. माझ्यापुरतं लिही. माझी ना नाही, कुणी कधी विचारलंच नाही. पण त्याच्या तोंडात मी शब्द घालणार नाही. त्याने स्वतःसाठी कधी कुठला शब्द वापरला नाही. नुसतं 'आपण' म्हणायचा."

बेचाळीस वर्षं मी या माणसाला धक्का बसेल म्हणून जपत होते. समितीने सव्वादोन तास जपलं. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी चिठ्ठ्या कापल्या.

सुभानरावांनी पाऊण तास घेतला. चित्रकाराचं अक्षर, ओळ सरळ. लिहून झाल्यावर आम्ही तिघं देवेशच्या खोलीत गेलो. सुभानरावांना पाहून देवेश धडपडून उभा राहिला. "बसा ना, बसा. पाणी? पंखा वाढवू?"

"पंखा राहू दे," सुभानराव म्हणाले आणि चिठ्ठी पुढे केली.

मी कळलावीचं शीट टेबलावर ठेवलं, बाजूला माझं सुटलेलं लेबल ठेवलं, आणि त्र्याऐंशी साली मी काय केलं ते तिसऱ्यांदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना सोपं जातं. देवेशने शीट पाहिलं. मग चिठ्ठी वाचली. मी ती पाठ केली आहे.

"पूर्वीची नोंद : आजन्म अविवाहित.

दुरुस्त नोंद : उदयसिंहराव घाटगे आणि मी १९६२ ते २०११ एकत्र राहिलो. स्नेही म्हणून नव्हे. नवरा-बायको राहतात तसे. मी समलिंगी आहे. या संग्रहातील १,१६२ झाडे दोघांनी गोळा केली. १९८३ साली त्यांनी घाबरून माझे नाव झाकायला लावले. ते मला गेल्या आठवड्यात कळले. मी त्यांच्यावर रागावलो आहे.

आधार : नमुना एकोणपन्नास वर्षे प्रत्यक्ष पाहिला.

तपासणारा : सुभानराव माने."

देवेशने ती पुन्हा वाचली. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"पाचशे प्रती छापून झाल्यात," तो म्हणाला.

"पुन्हा छापायला कोण सांगतंय?" मी म्हटलं. "प्रत्येक प्रतीत त्या वाक्याच्या बाजूला चिकटवायची. आपल्या विभागात दुरुस्ती अशीच करतात. एरंडाच्या शीटवर तुझ्या भेंडीशेजारी माझी चिठ्ठी अजून आहे, दाखवू?"

"पुरावा मागितला होता तुम्ही, सर," अबोली म्हणाली. "आता आहे."

देवेश उठला, खिडकीशी गेला, परत आला. संस्थेचे लोक काय म्हणतील, पाहुणे काय म्हणतील, हे सगळं त्याच्या चेहऱ्यावर वाचता येत होतं. मी त्याला ओरडणार होते. पण तो खुर्चीत न बसता सुभानरावांसमोर उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "माझी हरकत नाही. लावू. नोंद बरोबर आहे. फक्त एक विनंती करू का? ते 'रागावलो आहे' तेवढं काढता येईल? शताब्दी आहे. लोक सरांना हार घालायला येणार. आणि ते शास्त्रीयही नाही."

"का नाही?" सुभानराव म्हणाले. "तपासणाऱ्याला जे दिसलं ते त्याने लिहायचं. पद्माने मला नियम सांगितलाय. राग उतरला की मी येईन आणि शेजारी नवी चिठ्ठी लावीन. तोवर ही राहील."

"पण आजोबा," देवेश म्हणाला, आणि पुढचं बोलू नये हे त्याला बोलता बोलता कळलं, तरी तो थांबला नाही, "तुमचं वय..."

"मग रागावलेलाच जाईन. तुम्ही सगळे त्याला हार घाला, भाषणं करा, खोलीला नाव द्या. त्याच्यावर रागवायचा हक्क कुणाला आहे, सांग. तुला आहे? संस्थेला आहे?" सुभानरावांनी टेबलावर बोट टेकवलं. "मला आहे. माझा माणूस होता तो."

देवेशने चिठ्ठी उचलली, एकदा नीट घडी घातली, पुन्हा उलगडली आणि अबोलीच्या हातात दिली.

"पाचशे काढून आण," तो म्हणाला. "आणि आजोबांना त्या दिवशी पहिल्या रांगेत बसव. घरच्यांच्या खुर्च्या असतात तिथे."